फेझुलूचा खांदा

पाचव्यांदा खांदा मोडला तेव्हा झोलेकाने शिवी दिली नाही की हातातली पक्कड फेकली नाही. ती नुसती खाली बसली. पंचावन्नाव्या वर्षी बसतात तशी, आधी एक हात टेबलावर, मग दुसरा गुडघ्यावर, मग बाकीचं शरीर. वेताची तुटकी काडी तिच्या मांडीवर येऊन पडली होती. बाहेर सॉल्ट रिव्हर भागातल्या गोदामांच्या पत्र्यांवर दक्षिणपूर्वेचा वारा सकाळपासून डोकं आपटत होता आणि आत तिचंही तेच चाललं होतं.

"लागलं का रे सिबाली?" तिने विचारलं.

"मला काय धाड भरलीय. तुझ्या पाखराला लागलं असेल," लुंगिले म्हणाला. तो अजून त्या वेताच्या जनावराच्या पोटातच उभा होता. उजवा हात त्याने कोपरात दुमडून बरगडीशी धरला होता. लागलं होतंच. न बघताही तिला कळलं.

खोसा लोकांत मेहुण्याला सिबाली म्हणतात आणि मेहुणीलाही सिबालीच. लुंगिले आधी तिच्या कामातला जोडीदार. ती बाहुल्या बांधायची, तो त्या अंगावर घेऊन रंगमंचावर चालवायचा. मग त्याने तिच्या थोरल्या बहिणीशी, नोक्वेझीशी लग्न केलं आणि नात्यातला झाला. तेव्हापासून दोघं एकमेकांना एकाच नावाने हाका मारत आणि एकाच नावाने टोमणे हाणत आलेली.

बाहुल्या म्हणजे लहान पोरींच्या नव्हेत. बैलाएवढा बैल, तरसाएवढं तरस. वेत भिजवून, वाकवून, दोऱ्याने बांधून सांगाडा करायचा, वर जाळीचं कापड ताणायचं, आत दोन माणसं उभी करायची आणि बघणाऱ्याने विसरून जायचं की आत माणसं आहेत. झोलेकाचा जन्म यात गेला. आता नव्या नाटकासाठी उडणारं जनावर हवं होतं. जगात नसलेलं. नाटकात ते गारांच्या ढगातून डोंगरावर उतरतं. सगळे त्याला फेझुलू म्हणायचे, म्हणजे 'वरचा'.

दिग्दर्शक रिआन पोरगेलासा होता, प्रिटोरियाचा, स्वभावाने चांगला. त्याने पहिल्या दिवशी चित्र काढून आणलं त्यात फेझुलूला चार पाय होते, पाठीवर दोन पंख होते आणि बोकडाची शिंगं होती.

"हे सहा झाले," झोलेका म्हणाली होती. "पाठीला कणा असलेलं आणि हातपाय मिळून सहा असलेलं एक जनावर दाखव मला. एकच."

"पण मा झोलेका, हे कल्पनेतलंच आहे ना?" कारखान्यातली तरुण मंडळी तिला मा म्हणायची आणि लुंगिलेला ताता, म्हणजे आई आणि बाबा.

"कल्पनेतलं असलं म्हणून त्याला हाडं नकोत? पंख म्हणजे पुढचे पायच रे बाबा. देवाने पक्ष्याला पंख दिले तेव्हा हात काढून घेतले. फुकटात त्याने कुणाला काही दिलेलं नाही."

पोरगं ऐकणारं होतं, त्याने ऐकलं. मग फेझुलूचे पुढचे दोन पाय पंख झाले, आणि चालताना ते मिटून मनगटावर टेकायचे, वटवाघूळ सरपटतं तसे. शिंगं गेली, कारण एवढा भार डोक्यावर असला तर जनावर उडायच्या आधी तोंडावर आपटेल. शेपूट आखडली. मान पोकळ झाली. पाठीचे मणके जोडून एक ताठ पट्टी केली, नाहीतर पंखांच्या झटक्याने कणाच वाकला असता. नावेसारखी खोल छाती आली. आठवडे गेले, वेताचे भारे गेले, झोलेकाच्या बोटांची सालं गेली. पण खांदा काही जमेना.

या कारखान्याची एक रीत होती, झोलेकाच्या गुरूपासून चालत आलेली. जो माणूस जनावर वाहणार त्याच्याच अंगाला सुतळी लावून माप घ्यायचं, आणि जनावराचा खांदा त्या माणसाच्या खांद्यावरून उचलायचा. आतल्या माणसाने हात हलवला की जनावराचा पाय हलला पाहिजे, मध्ये फट नको. बैल, तरस, सांबर सगळे लुंगिलेच्या मापाचे. ते सगळे जमिनीवरचे होते म्हणून निभलं. फेझुलूलाही तिने सवयीने तोच खांदा दिला. माणूस हात वर करतो तो खांद्यावरच्या मांसाने. तिने पाखरालाही खांद्यावर मांसाचा उंचवटा दिला आणि पंख उचलायचं काम त्याच्याकडे सोपवलं. पाठ दिसायला लागली हमालासारखी. पंख वर जाताना सगळं वजन लुंगिलेच्या हातावर यायचं. त्याचा दुखरा हात जेमतेम कानापर्यंत जायचा आणि तिथून थरथरत खाली यायचा.

मागच्या बाजूला कमरेचं वजन घेऊन सिंदिस्वा उभी असायची. तिशीची, दणकट, तोंडाने फटकळ. ती आतूनच म्हणाली होती, "मा, हे उडतंय की गुगुलेथूच्या टॅक्सीला हात करतंय?"

झोलेकाला हसू आलं नाही, कारण पोरीचं खरं होतं.

रिआनलाही ते दिसत होतं. आज खांदा मोडल्यावर त्याने तिला बाजूला घेतलं. बिचारा बोलताना तिच्याकडे न बघता वेताच्या भाऱ्याकडे बघत होता. "महिन्याअखेरीस जोहान्सबर्गहून निर्मात्या बाई येणार आहेत. हे जनावर खरंच कुठेतरी जन्मलं असेल असं वाटलं तरच त्या पैसा लावतील. तोवर ताता लुंगिलेंना पंख पूर्ण वर नेता आले तर त्यांच्याइतका दुसरा कोणी नाही. नाही आले, तर पुढच्या जागेवर सिंदिस्वाला घ्यावं लागेल. मला वाईट वाटतं, मा."

"वाटू दे," झोलेका म्हणाली. "वाईट वाटायला पैसे पडत नाहीत."

लुंगिलेचा खांदा बाहुल्यांनी गेला असं सगळ्यांना वाटायचं. तोच तसं सांगायचा. खरं फक्त झोलेकाला ठाऊक होतं. नोक्वेझी अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं तो तिला उचलत होता. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत. बाई आजाराने वाळली तरी माणूस म्हणजे माणूसच, वेत नव्हे. एक दिवस खांद्यात काहीतरी फाटलं. त्याने ब्र काढला नाही, दुसऱ्या हाताने उचलायला लागला. बायकोच्या दफनाच्या दिवशी पेटीला खांदा द्यायला पुढे झाला आणि हात वर जाईना. मग चुलतभावाने त्याची जागा घेतली, आणि लुंगिले मागून चालला, हात खिशात घालून. ते दृश्य झोलेका विसरणार नव्हती.

आणि नोक्वेझी जायच्या आधी तिला जे म्हणाली होती तेही. "याच्या हाताला काम राहू दे. काम सुटलं तर हा भिंतीकडे बघत बसेल आणि मरेल." म्हणून तर झोलेकाने हे नाटक घेतलं. नाहीतर तिचे डोळे अधू झाले होते, बोटं सकाळी मिटत नव्हती, आणि तिला खरं म्हणजे झोपायचं होतं. पण शब्द दिला होता. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत करायची सोय नसते.

रविवारी ती गुगुलेथूच्या वस्तीत लुंगिलेच्या घरी स्वयंपाकाला जायची. बहीण गेल्यापासूनचा तो नेम. कोपऱ्यावरच्या बाईकडून गावठी कोंबडी आणलेली होती, म्हातारी आणि चिवट, दुपारपर्यंत शिजली तर नशीब. लुंगिलेने ती कापून, पिसं उपटून दिली आणि तो बटाटे सोलायला बसला. कोपर बरगडीला चिकटवून. आताशा सगळीच कामं तो कमरेच्या खालच्या उंचीवर करायचा.

"रिआन काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"वाऱ्याबद्दल बोलत होता."

"तुला खोटं बोलता येत नाही सिबाली. तुझ्या आईलाही येत नव्हतं."

 झोलेकाने कोंबडीचे पाय तोडून ताटलीत टाकले. तुटलेल्या टोकातून पांढरी शीर लोंबत होती. काही विचार न करता तिने ती चिमटीत धरून ओढली. नख्या मिटल्या. सोडली, उघडल्या.

"नोक्वेझी," लुंगिले म्हणाला.

"हो ना." लहानपणी बटरवर्थजवळच्या गावात नोक्वेझी हाच उद्योग करायची. कोंबडीचा पाय पाठीमागून आणून झोलेकाच्या मानेवर ठेवायची आणि शीर ओढायची. झोलेका किंचाळत अंगणभर धावायची, आई दोघींना बदडायची. "डांबिस होती. खालून दोरी ओढायची आणि नख्या भलतीकडेच..."

ती बोलता बोलता थांबली. लुंगिलेने मान वर केली.

झोलेकाने कोंबडी ताटात उभी धरली आणि सुरीने छातीचं जाड मांस एका बाजूने सोडवलं. त्याच्या खाली दुसरा, लहान, निमुळता तुकडा असतो. पोरांना तो आवडतो आणि त्यातली पांढरी दोरी दातात अडकते म्हणून आया ती आधी काढून टाकतात. तिने स्वतः हजार वेळा काढली असेल. आज काढली नाही. तो तुकडा खालून मोकळा केला आणि दोरी कुठे जाते ते बघत गेली. दोरी वर गेली, तीन हाडं जिथे भेटतात तिथल्या भोकातून पलीकडे गेली आणि पंखाच्या हाडाला वरून जाऊन चिकटली. विहिरीवरच्या कप्पीवरून दोर जातो तशी.

तिने मांस खाली ओढलं. पंख वर गेला.

दोघं त्या नागड्या कोंबडीकडे बघत राहिली. झोलेकाने परत ओढलं. पंख परत वर गेला, सावकाश, काही त्रास न होता.

"खाली ओढायचं," ती म्हणाली. "अरे देवा. खाली ओढायचं असतं. पाखराच्या खांद्यावर काही नसतंच. वर नेणारं आणि खाली आणणारं, दोन्ही मांस छातीत. सगळा भार खाली, म्हणून तर ते हवेत उलटत नाही. आणि मी फेझुलूच्या पाठीवर हमालाचा खांदा बसवत होते." तिला स्वतःची इतकी चीड आली की सुरी खाली ठेवावी लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इथे तर कळसा रोज रश्श्यात शिजत होता.

लुंगिलेला तिच्या आधी पुढचं कळलं. त्याचं तोंड उतरलं. "म्हणजे मला हात वर न्यायलाच नको."

"नको."

"कुबडी करतेयस माझ्यासाठी."

"कोंबडीला ती देवाने दिलीय. भांडायचं तर वर जाऊन भांड."

"मला दया नकोय, झोलेका." तो तिला नावाने हाक मारायचा तेव्हा गोष्ट गंभीर असायची.

"दया करायला माझ्या अंगात ताकद कुठे राहिलीय?" ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. कोंबडी शेवटी शिजलीच नाही नीट. दोघांनी मक्याच्या कण्या आणि घेवडा खाल्ला.

मग कामाला सुरुवात झाली. झोलेकाने खांद्यावरचा उंचवटा कापून टाकला तेव्हा फेझुलूची पाठ एकदम सपाट आणि निर्मळ झाली. वेताच्या तीन काड्या जिथे भेटत होत्या तिथे तिने लाकडाची गुळगुळीत कडी बसवली, तिच्यातून दोर ओवला, एक टोक पंखाला वरून बांधलं, दुसरं छातीतून खाली, लुंगिलेच्या कमरेशी. छातीचं हाड आणखी खोल केलं, नांगराच्या फाळासारखं. आत दोन माणसं मावायला जागाही तिथेच झाली. जनावराला जे पोटात हवं होतं ते माणसांनाही सोयीचं पडलं, आणि असं क्वचित होतं.

लुंगिले चार दिवस फुरंगटून होता. यायचा, अमाग्विन्या म्हणजे पिठाचे तळलेले गोळे चहात बुडवून खायचा, आणि कोपऱ्यात बसायचा. शेवटी सिंदिस्वाच म्हणाली, "ताता, तुम्ही नाही शिरलात तर मी शिरते पुढे. मग मागे तुम्ही. माझं ढुंगण बघत चालायचं दोन तास. बघा बुवा."

तो उठला. आत शिरून दोर हातात घेतला आणि न ओढता नुसता उभा राहिला. मग ओढला. वर काय झालं ते आतून त्याला दिसत नव्हतं. त्याला दिसला तो झोलेकाचा चेहरा. त्यानंतर तो कोपऱ्यात बसला नाही.

निर्मात्या बाई आल्या त्या दुपारी वारा पडला होता. पन्नाशीच्या, नेटक्या, घड्याळाकडे बघणाऱ्या. त्यांना खुर्ची दिली तरी त्या उभ्याच राहिल्या. झोलेका भिंतीला टेकून उभी होती. बाई नको म्हणाल्या तर लुंगिले उद्यापासून भिंतीकडे बघत बसणार होता. बहिणीचा चेहरा तिला डोळ्यांपुढून हलवता येईना.

फेझुलू मनगटांवर टेकत आलं. थांबलं. मान वळवून बाईंकडे बघितलं. मग छाती खाली दबली, आत लुंगिलेने गुडघे वाकवले होते, दोन्ही मुठी मांड्यांपर्यंत खाली आणल्या होत्या, आणि पंख उघडत उघडत वर गेले. कानापर्यंत, त्याहून वर, आढ्याच्या तुळयांपर्यंत. तुळयांवरची धूळ खाली आली. पंख तिथेच थांबले, एक थरथर नाही. मग त्याने दोर हळूहळू सोडला आणि पंख स्वतःच्या वजनाने, हवा दाबत खाली आले. समोरच्या टेबलावरचे कागद उडाले. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

 मग बाईंनी विचारलं, "हे खातं काय?"

रिआनने झोलेकाकडे बघितलं. झोलेकाला इतका थकवा आला होता की तिने खरंच विचार करून उत्तर दिलं. "थोडंच. पोट भरून खाल्लं तर याला उडता येत नाही."

बाईंनी मान डोलावली, जणू त्यांनाही तसंच वाटलं होतं. आणि मग त्या घड्याळाकडे बघायचं विसरल्या.

संध्याकाळी सगळे गेले. रिआन जाताना लुंगिलेचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "ताता, वर्षभराचा दौरा आहे. पुढे तुम्हीच." लुंगिले म्हणाला, "बरं." सिंदिस्वाने झोलेकाला उचलून गोल फिरवलं, गुडघे दुखतात म्हणून तिने शिव्या दिल्या, आणि मग तीही गेली.

लुंगिले बाकावर बसला होता. अंगातला स्वेटर घामाने चिंब झाला होता. तो त्याचा त्याला काढता यायचा नाही, रोज झोलेकाच काढायची.

"काय रे, आनंद नाही झाला?" तिने विचारलं.

"झाला. आज पंख वर गेले तेव्हा वाटलं, पेटीला खांदा दिला." त्याने ओल्या बाहीने कपाळ पुसलं. "पण मी थकलोय गं. फार थकलोय. वर्षभर हॉटेलच्या गाद्यांवर झोपायचं, परक्या गावांत. नको वाटतं."

"मग सोडायचं होतंस."

"सोडणारच होतो. नोक्वेझीला पुरून आलो त्याच आठवड्यात. पण तू दारात उभी. हातात सुतळी. म्हणालीस, माप घ्यायचंय."

झोलेका त्याच्याकडे बघत राहिली. "मी तुझ्यासाठी घेतलं ते काम," ती म्हणाली. "मला कुठे बांधायचं होतं? माझी बोटं बघ. तिने जाताना मला सांगितलं होतं. लुंगिलेच्या हाताला काम राहू दे, नाहीतर तो भिंतीकडे बघत बसेल आणि मरेल."

 लुंगिलेचं पोट हलायला लागलं. तो हसत होता. दुखऱ्या खांद्याला धरून हसत होता.

"मला म्हणाली, झोलेकाला मापाला माणूस राहू दे. तू सोडलंस तर ती बांधायची थांबेल. आणि थांबली की भिंतीकडे बघत बसेल..."

"आणि मरेल?"

"आणि मरेल."

"भिंतीकडेच?"

"भिंतीकडेच. शब्दही तेच."

झोलेका बाकावर त्याच्या शेजारी बसली. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि तिने ते थांबवलं नाही, कारण किती दिवसांचं राहिलं होतं. "लबाड," ती म्हणाली. "मेली तरी खालून दोऱ्या ओढतेच आहे."

समोर फेझुलू दोरांवर टांगलेलं होतं, पंख मिटून. दोघं त्याच्याकडे बघत बसली. आढ्यावरची धूळ अजून खाली बसत होती.

"इथले खेळ करतो," लुंगिले शेवटी म्हणाला. "तेवढे मला हवेत. दौऱ्याला सिंदिस्वा जाऊ दे, मी शिकवतो तिला. तिचं माप घ्यावं लागेल ना तुला? खांदा परत बांधावा लागेल."

झोलेकाने मान हलवली. "नाही रे. आता तो फेझुलूचा खांदा आहे. आत कोणीही उभं राहिलं तरी चालतंय." हे म्हणताना तिला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं, आणि त्यालाही तसंच वाटलं असणार.

मग ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिने त्याच्या स्वेटरची बाही धरली.

"हात खालीच राहू दे," ती म्हणाली. "मी काढते."